हळू वाजव रे बाबा

अरे बाळा,

रात्री पावणेबाराचा तुझा मेसेज सकाळी चहा घेताना पाहिला. "काका, सगळे अभिनंदन करतायत आणि मला तबल्याकडे बघवत नाहीये." एवढंच. त्याआधी तुझ्या बाबांनी ग्रुपवर टाकलेला तुझ्या कार्यक्रमाचा व्हिडिओ मी तीनदा पाहिला होता, खाली अंगठ्यांची आणि फुलांची रांग, चौकात फ्लेक्स पण लागलाय म्हणे, आमच्या दूधवाल्याने सांगितलं.

मी त्या संध्याकाळी तिसऱ्या रांगेत होतो हे तुला माहीत नसेल. त्यामुळे गोड गोड बोलत नाही. तुझं विलंबितात, म्हणजे संथ लयीत गेलं. द्रुत, म्हणजे जलद भाग छान झाला, टाळ्या तिथल्याच होत्या, पण विलंबित एकतालात मात्रा, म्हणजे तालाचे ठोके, बाराच असल्या तरी एकेकीच्या पोटात चार चार बसतात आणि ते पोट तुला भरता येईना, तिरकिटचे बोल उरकून टाकत होतास आणि सातव्या मात्रेचा 'कत्' कायम आधीच. गाणारी मुलगी दोनदा मागे वळली. दुसऱ्यांदा तिने मांडीवर हात आपटून सम, म्हणजे पहिली मात्रा दाखवली, तेव्हा तुझे कान लाल झालेले मला तिसऱ्या रांगेतून दिसले.

बाबांच्या व्हिडिओत यातलं काही नाही. त्यांनी कापलंय असं समजू नकोस, त्यांना ते दिसलंच नाही. सातपूरला शिफ्ट करून आलेला माणूस, त्याला पोराची बोटं पळताना दिसली आणि तो हरखला. त्यांच्यावर चिडून काय करणार आहेस? तू हळू वाजव.

हो, माहितीये, हे तुला दहा वेळा सांगून झालंय. अकराव्यांदा सांगतो. धा धा ति ट, धा धा तू ना. सातवीत शिकलास तो कायदा, रियाजाची ती बोलांची रचना. तोच घे, घड्याळासमोर बस आणि दोन सेकंदाला एक मात्रा ठेव, म्हणजे तीनतालाचं सोळा मात्रांचं एक आवर्तन 32 सेकंदांचं झालं. खालीला, म्हणजे टाळी नसलेल्या भागात, ता ता ति ट आलं की डाव्या हाताचा डग्गा गप्प पाहिजे. तुझा डावा हात गप्प बसत नाही, त्याला काहीतरी बोलायचंच असतं. वेगात हे झाकलं जातं म्हणून तर तुला वेग आवडतो. राग आला ना? येऊ दे.

आता माझं ऐक. माझी मुलगी तबला वाजवायची, हे तुला कोणी सांगितलंय की नाही कोण जाणे. तिचे पहिले गुरुजी म्हणाले, दोन वर्षं हिला स्टेज नाही, ठाय, म्हणजे अगदी संथ लयीतच ठेवणार. मला ते पटलं नाही. मला नातेवाईकांना दाखवायचं होतं! मी क्लास बदलला. नवीन ठिकाणी तीन महिन्यांत रेला, म्हणजे वेगात पळणारे बोल, बसवून दिला, गणपतीत वाजवला, माझे डोळे भरून आले, त्या वेळी मोबाईल नव्हते तर मी भाड्याने कॅमेरावाला आणला होता. दहावीपर्यंत तिचं मनगट दुखायला लागलं, आणि बारावीला तिने तबला-डग्ग्याच्या जोडीवर खोळ घातली ती घातलीच. आता पुण्यात असते, फोनवर सगळं बोलते, तबल्याचा विषय निघाला की "भाजी जळतेय बाबा".

पण मी तरी काय एवढं वाईट केलं रे? माझे वडील मी भजनात वाजवायला लागलो की उठून ओट्यावर जाऊन बसायचे, आयुष्यात एकदा "बरं वाजवलंस" म्हटलं नाही. मग मी माझ्या पोरीचं कौतुक नको करायला? अल्लारखाँसाहेबांनी तान्ह्या झाकीरच्या कानात प्रार्थनेच्या जागी तबल्याचे बोल म्हटले, तो अभिमान नव्हता तर काय होतं! फरक एवढाच की पुढे ते पहाटे तीनला उठून त्याला शिकवायला बसायचे. मी साडेसातला उठायचो. जाऊ दे, तुला हे का सांगतोय.

आणि कौतुक करायला बाप आहे हेही काही कमी नाही. गायक दत्तात्रेय विष्णु पलुस्कर आपल्या नाशकातच जन्मले, 1921 साली. त्यांचे वडील विष्णु दिगंबर 1931 ला गेले तेव्हा पोरगा दहा वर्षांचा. 1935 ला जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात तो गायला तेव्हा समोर बाप नव्हता. तुझा आहे, फ्लेक्ससकट आहे. फ्लेक्सवर तुझा फोटो बारावीच्या हॉल तिकीटवरचा वापरलाय हे मात्र त्यांना सांग कुणीतरी.

तबला सोडायचा की नाही हे मला विचारू नकोस. एक महिना फक्त ठाय लय, कुणासमोर नाही, पाहुणे आले तरी नाही, आणि मग मेसेज कर. "पण बाबा म्हणतात पाडव्याला पिंपळपारावर..." नको. त्यांना सांग काकांनी नाही म्हटलंय, शिव्या मला बसू देत, मला सवय आहे. ती गाणारी मुलगी मागे वळली तेव्हा तुला लाज वाटली ना, ती जपून ठेव, माझ्या पोरीला ती वाटायची संधीच मी दिली नाही, तिला सगळीकडे फक्त वाहवा.

रविवारी सकाळी पंचवटीत ये घरी. या पावसाने तुझ्या तबल्याच्या पुडीचा सूर उतरला असेल, हातोडी घेऊन ये, माझी सापडत नाहीये. वाजवायला तिची जोडी काढतो, दर रविवारी मी ती सुरात लावून परत खोळ घालतो, वाजवत कोणीच नाही. बाबांना आणलंस तरी चालेल पण मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवायला सांग. नाहीतर राहू दे, घेऊ देत आत. 32 सेकंदांचं आवर्तन शूट करून बघू देत किती वेळ हात धरवतो ते.

काका