टीव्हीची मिनिटे आणि अभ्यासाची पाने यांचा सौदा करू नका

आपण लिहिले आहे की सहा आणि नऊ वर्षांची दोन्ही मुले घरीच शिकतात, आपले कामही घरूनच चालते, आणि दिवसभर ‘आता लावू का?’ व ‘अजून किती वेळ उरला?’ हेच ऐकावे लागते; म्हणून अभ्यासाच्या प्रत्येक पानामागे टीव्हीची ठरावीक मिनिटे द्यावीत असे मनात आहे, आणि तो दर किती असावा हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. दर सांगण्याऐवजी मी आपल्याला या वाटेला जाऊच नका असे कळकळीने सांगेन. अशी पद्धत आमच्या घरात चालली होती आणि तिचा सर्वांत मोठा फटका मुलांच्या वाचनाला बसला.

आमच्याकडेही टीव्हीवरून रोज रडारड आणि आदळआपट होत असे, तेव्हा आम्ही एका समुपदेशन केंद्रात गेलो. मुले शाळेत जात नाहीत हे कळताच भेटीचा बहुतेक वेळ त्याच विषयावर गेला; टीव्हीचा प्रश्न मागे पडला आणि आम्हीच आरोपी असल्यासारखी उलटतपासणी झाली. निघताना हातात एक छापील तक्ता देण्यात आला: एक पान वाचले की इतके गुण, एक गणित सोडवले की इतके, आणि गुणांच्या बदल्यात टीव्हीची मिनिटे. शाळेतून घरी परतलेल्या मुलांचा गृहपाठ उरकून घेण्यासाठी तो केलेला होता हे उघड होते, परंतु ज्या घरात शिकणे दिवसभर, कोणत्याही वेळी आणि कोणत्याही निमित्ताने होत असते, तेथे हा तक्ता काय करील याचा विचार तेथे कोणी केलेला नव्हता.

सुरुवातीला तक्ता भराभर भरत गेला. मग मोठी मुलगी पुस्तक उघडण्याआधी शेवटचे पान पाहू लागली आणि जाड पुस्तके बाजूला पडून मोठी चित्रे व कमी मजकूर असलेली पुस्तके निवडली जाऊ लागली. धाकटा एकदा भिंतीलगत उकिडवा बसून मुंग्या एक मेलेला पतंग ओढून नेताना पाहत होता. फटीपाशी पतंगाचा पंख अडकला, मुंग्यांनी तो फिरवून आडवा आत नेला, आणि त्या क्षणी त्याने मान वर करून विचारले, ‘हे लिहून काढलं तर किती मिनिटं मिळतील?’ ज्या कुतूहलाच्या भरवशावर आम्ही मुलांना घरी शिकवण्याचा निर्णय घेतला होता, त्याचाच भाव विचारला जात होता. आम्ही केंद्राला हे कळवले तेव्हा उत्तर मिळाले की आमच्या शिस्तीत सातत्य नाही, गुणांचा दर वाढवून पाहावा. त्या उत्तराचा राग मला आजही येतो, कारण पुढील भेटींमध्येही मूळ तक्ता चुकीच्या जागी लावला गेला आहे हे मान्य करायला कोणी तयार नव्हते.

बक्षिसामुळे मुळातली आवड कमी होऊ शकते, ही माहिती तेव्हा दुर्मीळ होती असेही नाही. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी 1973 मध्ये बालवाडीतील मुलांवर केलेला प्रयोग मानसशास्त्रात सर्वपरिचित आहे. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांपैकी ज्यांना ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळात इतरांच्या तुलनेत निम्माच वेळ चित्रे काढताना दिसली. ज्यांना बक्षीस अनपेक्षितपणे मिळाले त्यांची आवड मात्र टिकून राहिली. मूल मुळीच करायला तयार नसलेल्या एखाद्या कामासाठी बक्षीस कधी उपयोगी पडतही असेल, त्याला माझा सरसकट विरोध नाही. पण आवडीने वाचणाऱ्या मुलाला वाचनाची मजुरी देऊ नये, आणि ती मजुरी टीव्हीच्या रूपाने तर मुळीच देऊ नये, कारण त्यामुळे टीव्ही हे सुख आणि वाचन हे कष्ट अशी वाटणी मुलांच्या मनात पक्की होते.

शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी दिवसाचा मोठा भाग बाहेरूनच ठरलेला असतो, त्यामुळे टीव्हीसाठी उरणारा वेळ आपोआप मर्यादित राहतो. आपल्या घरी प्रत्येक तास मोकळा दिसतो, म्हणून मुले प्रत्येक तासाला घासाघीस करतात. यावर आमच्याकडे जे लागू पडले ते म्हणजे टीव्हीला दिवसात एक निश्चित जागा देणे, जी कमवावी लागत नाही आणि शिक्षा म्हणून काढूनही घेतली जात नाही. अभ्यास झाला नाही तरी ती वेळ मिळते, आणि अभ्यास उत्तम झाला म्हणून वाढत नाही. ही जागा सकाळी नसावी असे माझे ठाम मत आहे. मैदानावरून खेळून आल्यानंतरची, आणि शक्य असल्यास आपल्या ज्या कामात व्यत्यय अजिबात चालत नाही त्या कामाची वेळ निवडावी.

मोजमाप मिनिटांत न ठेवता कार्यक्रमाच्या भागांत ठेवावे. गोष्ट ऐन रंगात असताना घड्याळाकडे बोट दाखवून टीव्ही बंद केला तर मूल चिडणारच. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास केला, तेव्हा ‘दोन मिनिटे उरली’ अशी आगाऊ सूचना दिल्याने बंद करण्याचा प्रसंग उलट अधिक बिकट होतो आणि कार्यक्रम संपण्याची नैसर्गिक जागा व रोजचा क्रम यांची मदत होते असे दिसले. आपली मुले त्याहून मोठी आहेत, तरी आमचा अनुभव याच्याशी जुळतो. मात्र भाग संपल्यावर पुढचा आपोआप सुरू होत असेल तर सगळे व्यर्थ आहे, म्हणून ऑटोप्ले आधी बंद करावे. मुलांसाठीच्या यूट्यूब किड्सवर ते 2021 पासून मुळातच बंद ठेवलेले असते, परंतु मुले पालकांच्या खात्यावरून पाहत असतील तर सेटिंगमध्ये जाऊन स्वतः तपासावे लागते, आणि नेटफ्लिक्सवर प्रत्येक प्रोफाइलसाठी वेगळे बंद करावे लागते.

कोणी पाहत नसताना टीव्ही नुसता चालू ठेवणेही टाळावे. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मोठ्यांसाठीचा कार्यक्रम पाठीमागे चालू असताना एक ते तीन वर्षांची मुले पडद्याकडे क्वचितच पाहत होती, तरी त्यांचे खेळ लवकर तुटत होते. घरात आपल्या दोन्ही मुलांहून लहान भावंड असेल तर हे विशेष लक्षात ठेवावे. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाच्या आतच ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले आहे.

गृहशिक्षण घेणाऱ्या घरांत ‘हा माहितीपट आहे, म्हणजे अभ्यासच आहे’ या युक्तिवादाने टीव्हीचे तास हळूहळू वाढत जातात. ज्वालामुखीविषयी प्रश्न पडला म्हणून त्याविषयी काही शोधून, सोबत बसून, मध्ये थांबवत आणि बोलत पाहिले तर ते मी शिकणे मानते. एकट्याने ओळीने पाहिलेले चार भाग, विषय कितीही चांगला असला तरी, टीव्हीच्या ठरलेल्या वेळेतच धरावेत.

मी बालमानसतज्ज्ञ नाही, आणि ज्या मुलांना लक्ष एकाग्र करण्यात किंवा बदल स्वीकारण्यात विशेष अडचण येते त्यांना हे जसेच्या तसे लागू होईल असे मी म्हणणार नाही. तज्ज्ञांकडे जायचे असेल तर पहिल्याच भेटीत विचारावे की शाळेत न जाणाऱ्या मुलांसोबत त्यांनी पूर्वी काम केले आहे का; उत्तर टाळले गेले तर दुसरे दार ठोठवावे.

टीव्ही घरातून काढूनच टाकावा का, असेही आपण विचारले आहे. आम्ही काढला नाही आणि आपल्यालाही तशी गरज पडेल असे मला वाटत नाही. नवा क्रम मुलांना सांगण्याआधी घरातील सर्व मोठ्या माणसांचे त्यावर एकमत करून घ्यावे, टीव्हीला पिन क्रमांकाचे कुलूप लावावे आणि सुरुवातीचे काही आठवडे मुले ‘कंटाळा आला’ म्हणत मागेमागे फिरली तरी लगेच नवा उपक्रम हाती देऊ नये.