घरच्या स्प्रिंकलरवरील बॅकफ्लो प्रिव्हेंटरची दरवर्षी चाचणी आवश्यक आहे का?
बॅकफ्लो प्रिव्हेंटर, म्हणजे पाणी उलट दिशेने वाहू न देणारे उपकरण, नवे आहे आणि कुठे गळतही नाही, तरी चाचणी कशासाठी, असे आपण विचारले आहे. ती वर्षातून एकदा आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर अवश्य करून घ्यावी. मुख्य जलवाहिनीतील दाब अचानक घटला, तर बागेतील खते व कीटकनाशके मिसळलेले पाणी उलट दिशेने पिण्याच्या नळात ओढले जाऊ शकते. आणि आतील रबर झिजले आहे किंवा झडप जिथे टेकते तिथे वाळूचा एखादा कण अडकला आहे, हे बाहेरून मुळीच दिसत नाही. प्रशिक्षित तपासनीस उपकरणावरील छोट्या तोट्यांना दाबातील फरक मोजणारा गेज जोडतो. रिलीफ व्हॉल्व्ह (उलटे येऊ पाहणारे पाणी बाहेर सोडणारी झडप) असलेल्या प्रकारात हा फरक 2 पीएसआयच्या (दाब मोजण्याचे एकक) खाली जाण्याआधीच तो व्हॉल्व्ह उघडला पाहिजे. हिवाळ्यात पाणी गोठत असल्यास थंडी सरल्यावर, बागेला पाणी देण्याच्या हंगामाच्या आरंभीच चाचणी करावी, कारण गोठण्याने उपकरणाला तडे जातात.