कमी बजेटमध्ये आय३-१२१००एफ घ्यावा की रायझन ५ ५६००जी?

अभ्यास, ऑफिसचे काम आणि थोडे व्हिडिओ एडिटिंग यांसाठी संगणक जोडायचा आहे, पण वेगळ्या ग्राफिक्स कार्डासाठी पैसे नाहीत, असे आपण लिहिले आहे. तेव्हा इंटेलच्या आय३ऐवजी एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आय३ला ४ कोअर (काम करणारे गाभे) व ८ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारे कामांचे प्रवाह), तर ५६००जीला ६ कोअर व १२ थ्रेड आहेत. तरीही आपल्या बाबतीत खरा निर्णय नावातील शेवटच्या अक्षरावर ठरतो. इंटेलचे 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही, तर ५६००जीमधील 'जी' म्हणजे ते आतच आहे. स्वस्त दिसला म्हणून असा प्रोसेसर घेऊन मॉनिटरची केबल मदरबोर्डला जोडली, तर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळाच राहतो.

५६००जीचे ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरते, म्हणून १६ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेऊन त्या ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन्ही एकत्र वापरल्या जातील अशा, बसवाव्यात. गेम खेळताना हा फरक चांगलाच जाणवतो. वेगवेगळ्या पिढ्यांच्या प्रोसेसरची तुलना नुसत्या गिगाहर्ट्‌झवरून करू नये. किंमत पाहताना मदरबोर्ड आणि रॅम धरूनच बेरीज करावी.

पुढे वर्षभरात ग्राफिक्स कार्ड नक्की घेणार असाल, तर मात्र हिशेब बदलतो आणि 'जी' नसलेल्या ५६००चा विचार करावा, कारण ५६००जीमध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतील वेगवान मेमरी) १६ एमबी आहे आणि 'जी' नसलेल्या ५६००मध्ये ती ३२ एमबी आहे. अर्थात, त्या ५६००मध्येही ग्राफिक्स नाही, म्हणून कार्ड येईपर्यंत पडद्यावर काही दिसणार नाही.