आवडत्या सिनेमाचं, गाण्याचं काहीतरी हातानं करत बसण्यात एवढं काय आहे?

तुमचा प्रश्न असा आहे: ‘मलाही सिनेमा आवडतो, गाणी आवडतात, पण बघून-ऐकून झालं की माझं समाधान होतं. काही जण आवडत्या सिनेमातल्या प्रसंगाचं चित्र काढतात, भरतकाम करतात, त्यात महिने घालवतात. त्यांना त्यातून जास्तीचं काय मिळतं?’

महिने घालवणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून उत्तर लिहायला बसले. मी सोलापूरची. दिवसा एका दवाखान्यात बिलांचं काम करते आणि रात्री जेवणं उरकली की तासभर मॅटीच्या कापडावर फुलीचा टाका घालते. आतापर्यंत सिनेमातली चार दृश्यं भरून झालीत, पाचवं रिंगमध्ये आहे. माझं उत्तर एका वाक्यात सांगायचं तर, हातानं करायला घेतल्याशिवाय मी ते दृश्य पाहिलेलंच नसतं. पण एवढ्यानं तुम्हाला पटणार नाही, म्हणून एकच चित्र धरून नीट सांगते.

आमचं घर पूर्व भागात, अशोक चौकाच्या पुढं. वडील चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारे होते. शेजारी एक मामा राहायचे. घरात तेलुगू, बाहेर मराठी बोलायचे, आणि त्यांचं काम होतं चादरींच्या नक्षीचे ग्राफ भरायचं. जकार्डचा माग तुम्ही पाहिला नसेल तर त्याचा प्रकार असा: मागाच्या वर यंत्र बसवलेलं असतं आणि त्यावरून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरत असते. एक पट्टी म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी. जिथं भोक, तिथला उभा धागा वर उचलला जातो. जिथं भोक नाही, तिथला खाली राहतो. मधून आडवा धागा घेतलेला धोटा निघून जातो, पुढची पट्टी येते. फ्रान्सच्या जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ मध्ये बसवलेली ही युक्ती, आणि सोलापूरच्या चादरीवरचा मोर अजून तिच्यावरच उभा आहे. पण भोकं पाडायच्या आधी कुणीतरी तो मोर चौकोनांच्या कागदावर भरावा लागतो. एक चौकोन म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याची एक गाठभेट. मामा जमिनीवर पालथे पडून, बारीक ब्रशनं ते चौकोन तांबडे करत जायचे. मी शाळेतून आले की त्यांच्या कागदाच्या कडेला बसायची. मोराचा डोळा किती चौकोनांचा असतो हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

आता सिनेमा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, जन्म १९१०. जपाननं चीनवर हल्ला केला तेव्हा १९३८ मध्ये काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक तिकडं पाठवलं, त्यात ते होते. बाकीचे परतले, हे तिथंच राहिले, गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं, मुलाचं नाव भारत आणि चीन या दोन्ही देशांवरून इनहुआ ठेवलं, आणि १९४२ च्या डिसेंबरात, बत्तिसाव्या वर्षी तिथंच वारले. भैय्या चौकात त्यांच्या घराचं आता स्मारक झालंय. माझा कामावर जायचा रस्ता तोच. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला. डॉक्टरांची भूमिका स्वतः केली, छिंगलानची भूमिका जयश्रीबाईंनी. खऱ्या आयुष्यात ते दोघं नवरा-बायको होते, आणि त्यांचं लग्न व कोटणीसांचं लग्न दोन्ही १९४१ सालची. असं काही कळलं की मला दिवसभर बरं वाटत राहतं. चाहत्याचा हा एक वेगळाच आनंद असतो, त्याचा उपयोग काहीही नसतो.

लहानपणी तो सिनेमा टीव्हीवर पाहिला होता. आठवत होतं ते एवढंच की शेवटी सगळे रडतात. तीन वर्षांपूर्वी इंटरनेटवर पुन्हा पाहिला, आणि जयश्रीबाईंच्या चेहऱ्याच्या एका दृश्यावर थांबले. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात. प्रत झिजलेली, मध्येच रेघा. तरी ते दृश्य डोळ्यांसमोरून हलेना. ठरवलं, हे भरायचं.

इंचाला चौदा चौकोनांचं मॅटी घेतलं. आठ इंच रुंद, दहा इंच उंच. म्हणजे ११२ गुणिले १४०, एकूण १५,६८० चौकोन. मामा आता थकलेत, पण डोळा तोच आहे. त्यांना मोबाईलवर फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा-लहान करून पाहिला आणि म्हणाले, “चेहरा म्हणून बघू नको. बाईचा चेहरा आहे हे विसर. चौकोन मोज, किती काळे, किती पांढरे ते बघ. चेहरा आपोआप येतो.”

मला हे सुरुवातीला विचित्र वाटलं. ज्या चेहऱ्यावर जीव जडला तो चेहरा विसरायचा? पण करायला लागल्यावर कळलं की मामांचं सांगणं किती खरं आहे. आपण चेहरा म्हणून बघतो तेव्हा डोळे, नाक, ओठ हे आपल्या डोक्यातलेच असतात, समोर काय आहे ते बघतच नाही. मी धरून चालले होते की अंधारातला डोळा सगळा काळा आहे. मोजायला घेतला तर त्या काळ्यात चार चौकोन जवळजवळ पांढरे निघाले. चारच. तो दिव्याचा ठिपका. छायालेखकानं एवढा अंधार केला आणि त्या अंधारातल्या डोळ्यासाठी एक दिवा वेगळा लावला. ते चार चौकोन काळे भरून बघितले तर बाई मेल्यासारखी दिसायला लागली. पुन्हा पांढरे केले आणि ती माझ्याकडं बघायला लागली. ऐंशी वर्षांपूर्वी मुंबईतल्या स्टुडिओत कुणीतरी शिडीवर चढून एक दिवा दोन बोटं सरकवला असेल, त्याचं काम माझ्या सुईला लागलं. त्या रात्री मला झोप आली नाही, इतका आनंद झाला होता.

काळ्या-पांढऱ्या सिनेमाचं आणखी एक आहे. त्यात काळा आणि पांढरा हे सगळ्यात कमी असतात, खरा सिनेमा राखाडीत असतो. माझ्याकडं काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत धाग्याच्या पाचच लडी होत्या. लडीला सहा पदर असतात, आपण त्यातले दोन ओवतो. मग एक पदर काळा आणि एक गडद राखाडी असा एकाच सुईत ओवला. पाच छटांच्या नऊ झाल्या. गालावरून कानाकडं उजेड जसा विरत जातो तो या मिसळलेल्या धाग्यांनी जमला. जवळून बघितलं तर नुसते ठिपके, चार पावलं मागं सरकलं की गाल.

चूक झाली ती भुवईत. एका ओळीत एक चौकोन सोडून पुढं गेले आणि ते अडतीस ओळींनंतर लक्षात आलं, तोवर कपाळ एका बाजूला सरकलं होतं. सहाशेच्या वर फुल्या उसवल्या. दोन आठवडे गेले. पण तोच भाग दुसऱ्यांदा भरताना मला दिसलं की दोन भुवया सारख्या नाहीत. उजेडातली थोडी वर उचललेली आहे, हसण्याआधी माणूस उचलतो तशी. म्हणजे ते दुःखाचं दृश्य नव्हतंच, मी इतके दिवस दुःखाचं समजत होते. सिनेमा परत लावला आणि थांबवलेल्या जागेपासून पुढं जाऊ दिला. जयश्रीबाई पुढं खरंच हलकं हसतात.

पाच महिने लागले. झाल्यावर मामांकडं नेलं. त्यांनी हातात घेतलं आणि सगळ्यात आधी उलटं केलं. सोलापूरचा माणूस कापड असंच बघतो, कारण आमची चादर दोन्ही बाजूंनी वापरायची असते. मागच्या गाठी बघून ते म्हणाले, “मागनं अजून साफ पाहिजे.” मग सुलटं केलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “ही कोटणीसांची बायको का?”

हे चौकोनांचं काम काही मी काढलेलं नाही. सिनेमाचे मोठे फलक हातानं रंगवायचे तेव्हाही रंगारी आधी फोटोवर बारीक चौकोन आखायचे, मग भिंतीएवढ्या कापडावर तेवढेच मोठे चौकोन, आणि एकेक चौकोन उतरवत जायचे. आमच्या जिल्ह्यातल्या पंढरपुरात १९१५ मध्ये जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सुरुवातीला हेच फलक रंगवून पोट भरत होते. पुढं जगभर नाव झालं तरी सिनेमाचं वेड सुटलं नाही, माधुरी दीक्षितांना घेऊन त्यांनी २००० मध्ये स्वतःच एक चित्रपट काढला. मला त्यांच्याबद्दल जवळीक वाटते ती यामुळं. एवढा मोठा चित्रकार, पण एका नटीच्या हसण्यावर खुळावला आणि ते त्यानं कधी लपवलं नाही.

गाण्याचं म्हणाल तर ते भरता येतं हे मला नंतर सुचलं. कोटणीसांच्या सिनेमाला संगीत वसंत देसाई यांचं. प्रभात फिल्म कंपनीपासून ते शांतारामांबरोबर होते. चेहरा भरताना त्यांचीच गाणी लावून बसायची. त्या पाच महिन्यांत दादरा तालातल्या एका गाण्याची मात्रा न्‌ मात्रा हातात बसली. दादरा सहा मात्रांचा, पहिलीवर सम, म्हणजे ताल जिथून सुरू होतो तो ठोका, चौथीवर खाली, म्हणजे जोर नसलेला ठोका. चित्राला किनार काय करावी हे ठरत नव्हतं, तर तोच दादरा किनारीत घातला: समेला काळा चौकोन, खालीला पांढरा, मधले चार राखाडी, पुन्हा काळा. चारी बाजूंनी गाणं फिरतं. कुणाला सांगितल्याशिवाय कळत नाही, नक्षी म्हणून छान दिसते एवढंच म्हणतात.

किनार भरताना अडले ते एका ठिकाणी. गाणं जिथं सुरू होतं तिथं मला काळा चौकोन हवा होता, आणि मोजलं तर जुळेना. दहादा ऐकलं. गायिका समेवर सुरू करतच नाही, दोन मात्रा आधी मुखडा, म्हणजे गाण्याची पहिली ओळ, उचलते आणि समेला शब्दावर येऊन बसते. वर्षानुवर्षं ते गाणं मी गुणगुणत होते आणि ते कुठून सुरू होतं हेच मला माहीत नव्हतं. आता किनारीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात काळ्याच्या आधी दोन राखाडी चौकोन जास्तीचे आहेत. ती गायिकेची उचल.

तुम्ही म्हणता बघून-ऐकून समाधान होतं. होतं ना, माझंही पुष्कळ सिनेमांच्या बाबतीत तेवढ्यावरच होतं, आणि त्यात काही कमी आहे असं मला वाटत नाही. सगळंच भरायला घेतलं तर आयुष्य पुरायचं नाही. पण एखादं दृश्य असतं, एखादी ओळ असते, जी सिनेमा संपल्यावरही आपल्याला सोडत नाही. तिच्यासाठी करून बघा. चाटी गल्लीत कापडाच्या दुकानात मॅटी मिळतं, तुमच्या गावातही मिळेल. बोथट टोकाची सुई, तीन-चार लडी, चौकोनी कागदाची वही, सुरुवातीला एवढं पुरे. चेहरा एकदम घेऊ नका. हात, दिवा, खिडकी असं काहीतरी तीस-चाळीस चौकोनांचं घ्या. कापड चार घड्या घालून मधला चौकोन शोधा आणि तिथून सुरू करा, कोपऱ्यातून नको, कोपऱ्यातून केलं की शेवटी जागा पुरत नाही. रोज शंभर फुल्या झाल्या तरी भरपूर. फक्त मोबाईलवरच्या त्या ॲपांतून फोटोचा तयार ग्राफ काढून घेऊ नका, निदान पहिल्या वेळी तरी. चौकोन स्वतः मोजा. सगळी गंमत त्या मोजण्यातच आहे.

माझी अकरा वर्षांची भाची परवा सुट्टीला आली होती. तिला भरतकाम नको, रंगीत पेन्सिली हव्यात. सध्या ती ‘सैराट’च्या गाण्यांत आहे. २०१६ मध्ये तो आला तेव्हा ती पाळण्यात होती, पण आमच्या जिल्ह्यात ती गाणी अजून लग्नाच्या मांडवात रोजची आहेत. दिग्दर्शक करमाळ्याकडच्या जेऊरचे, नायिका अकलूजची, म्हणजे घरचंच. अजय-अतुल यांनी त्या गाण्यांसाठी लॉस एंजलिसला जाऊन तिथला मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला हे मी तिला सांगितलं, तर ती त्यातली वाद्यं शोधायलाच लागली. माझी चौकोनांची वही घेतली, एक ओळ एका वाद्याची असं ठरवलं. व्हायोलिनं निळी, बासरी हिरवी, ढोल-ताशा तांबडा. गाणं दहा सेकंद लावायचं, थांबवायचं, रंगवायचं, पुन्हा मागं न्यायचं. दोन दिवसांत एका गाण्याचा जेमतेम पहिला मिनिट झाला आणि कागद निळ्या-तांबड्यानं भरून गेला.

रात्री मी भरत बसले होते, ती शेजारी पालथी पडून रंगवत होती. मध्येच पेन्सिल थांबवून म्हणाली, “आत्या, इथं सगळे एकदम गप्प होतात. मग हा चौकोन कोरा सोडू का?”

मी म्हटलं, “किती वेळ गप्प होतात ते आधी मोज.”