कार्ड कोणाचं, सही कोणाची

ताईंनी पिशवीतून आधी चष्मा काढला, मग एक जुनी डायरी. आत प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले तीन रकाने होते: नाव, गेलं, आलं. गेल्याची खूण निळ्या शाईत, आल्याची लाल. निळ्या खुणा वरपासून खालपर्यंत सलग, लाल कुठेतरी अधूनमधून.

"मागच्या सणाला 74 शुभेच्छाकार्डं गेली, मॅडम. 22 आली." त्यांनी डायरी माझ्याकडे सरकवली. "मला एवढंच सांगा, ज्यांचं येत नाही त्यांना पाठवायचं की नाही?"

एवढ्याशा प्रश्नासाठी कोणी समुपदेशकाकडे येतं का, असं वाटेल. त्यांनाही वाटत होतं. दोनदा वेळ घेऊन रद्द केली होती. पण आठवडाभर झोप नव्हती आणि त्यावरून घरात दोन मोठी भांडणं झाली होती. नवऱ्याचं म्हणणं, "हल्ली कोण पाठवतं कार्डं? बंद कर." आणि बंद करायचं म्हटलं की यांच्या छातीत धडधड.

(त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

सणासुदीचे दिवस जवळ आले की हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या वेषांत येतो. जुन्या साहेबांना पाठवलं तर लाळघोटेपणा वाटेल का? घटस्फोटानंतर सासूबाईंना पाठवावं का? माझ्याशी अबोला धरलेल्या भावाला? ज्यांच्या घरी यंदा कोणी गेलं, त्यांना? विचारणाऱ्याचा सूर बहुतेकदा शिष्टाचार विचारल्यासारखा असतो. आत दुसरंच काहीतरी टोचत असतं. हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं, आणि तरी ताईंच्या पहिल्या भेटीत मी चुकलेच.

मी त्यांचा प्रश्न जसाच्या तसा घेतला. परतफेडीचा प्रश्न म्हणून. त्यांना फिलिप कुन्झ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा प्रयोग सांगितला. 1970च्या दशकात या गृहस्थांनी सुमारे 600 अनोळखी माणसांना नाताळची कार्डं पाठवली. शंभराहून जास्त जणांनी उत्तरं दिली, काहींनी तर घरची ख्यालीखुशाली कळवणारी पत्रं लिहिली. "म्हणजे बघा," मी म्हटलं, "उत्तर येणं हे प्रेमाचं माप नाही. आलं की द्यायचं, या सवयीनेही लोक उत्तर देतात. मग न येणं तरी प्रेम नसल्याचं माप कसं होईल?" ताईंनी मान डोलावली, छान वाटलं म्हणाल्या, आणि घरी जाऊन पुन्हा लाल खुणा मोजत बसल्या.

युक्तिवाद बरोबर होता. फक्त त्यांना तो नको होता.

दुसऱ्या भेटीत मी त्यांच्या हातात पेन्सिल दिली. म्हटलं, आलं-गेलं सोडा, प्रत्येक नावापुढे एकच लिहा: हे माणूस कोणाचं? तुमचं, यांचं, की कोणाचंच नाही? त्यांना गंमत वाटली. पहिलं पान भरभर झालं. दुसऱ्या पानावर वेग कमी झाला. तिसऱ्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि पाणी मागितलं.

नवऱ्याची माणसं 43. चुलत सासरे, मामेसासरे, तीन आत्येसासूबाई, त्यांची मुलं, ऑफिसातले लोक, कॉलेजचे मित्र. स्वतःची 19. उरलेली 12 कोणाचीच नाहीत: जुन्या घराचे घरमालक, मुलाच्या बालवाडीच्या बाई (मुलगा आता नोकरीला आहे), एकदा प्रवासात भेटलेलं जोडपं. आणि 74च्या 74 कार्डांखाली सही एकच. आधी नवऱ्याचं नाव, मग त्यांचं. दोन्ही ताईंच्या अक्षरात.

"फोन कोणाला येतात?" मी विचारलं.

"यांना. मागच्या वेळी आत्यांचा आला होता. 'कार्ड मिळालं रे, किती आठवण ठेवतोस!' आणि हे फोनवर हात ठेवून मला विचारतात, 'कुठलं कार्ड?'"

हे सांगताना त्या हसल्या, पण डोळ्यांत पाणी होतं. इतका वेळ आम्ही चुकीचा रकाना वाचत होतो. आलं नाही याचं दुःख होतंच, पण जे आलं तेही त्यांच्या नावावर जमा होत नव्हतं.

मिकाएला दी लिओनार्दो या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1987 मध्ये या कामाला नाव दिलं. नात्यांचं काम. कोणाचा वाढदिवस कधी, कोणाला फोन करायचा राहिलाय, कोणाला कार्ड जायचंय, हे सगळं लक्षात ठेवणं आणि निस्तरणं. स्वयंपाक दिसतो, धुणं दिसतं, हे दिसत नाही. आणि बहुतेक घरांत ते बाईकडे असतं, नवऱ्याच्या बाजूच्या नात्यांसकट. हे मी ताईंना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे हे काम आहे?" आणि गप्प झाल्या. मीही गप्प राहिले.

आणखी एक सांगितलं, कारण नवरा त्यांना "74 म्हणजे वेडेपणा" म्हणत होता. रॉबिन डनबार आणि रसेल हिल यांनी 2003 मध्ये ब्रिटनमधल्या घरांच्या नाताळ-कार्डांच्या याद्या अभ्यासून निष्कर्ष मांडले. कार्ड पोचतं त्या घरातली सगळी माणसं मोजली, तर एका यादीत सरासरी दीडशेच्या आसपास माणसं निघाली. साधारण पाव कार्डं नातेवाइकांना, दोनतृतीयांशाच्या जवळपास मित्रमंडळींना. तेव्हा ताईंची यादी वेडेपणाची नव्हती. पण मित्रमंडळींचा तो भाग त्यांच्या वहीत जवळजवळ रिकामा होता. स्वतःच्या 19 नावांत मैत्रिणी चार.

तिसऱ्या भेटीला मी ताईंच्या साहेबांनाही बोलावलं. सज्जन माणूस. आल्या आल्या हात वर केले. "अहो मॅडम, मी कुठे सांगितलं हिला? मी तर दरवर्षी म्हणतो, बंद कर."

यातली मेख अशी की बंद कर म्हणणं फुकट असतं. बंद केल्यावर आत्या ज्याला बोल लावतील त्याने ते म्हणायला हवं, आणि आत्या बोल लावणार होत्या सुनेला. मी यावर काही बोलले नाही. त्यांना फक्त डायरीतली त्यांची 43 नावं मोठ्याने वाचायला सांगितली.

नऊ-दहा नावं भराभर झाली. मग थांबले. "याला जातं कार्ड? आपल्याकडून?"

"अठरा वर्षं," ताई म्हणाल्या.

"अगं, पण मी याच्याशी बोललोच नाहीये..."

"मला माहीत आहे."

ताईंनी डायरीच्या मागच्या कप्प्यातून एक पाकीट काढलं. मागच्या सणाचं, परत आलेलं. पत्त्यावर तिरकी रेघ, बाजूला घाईघाईत लिहिलेला शेरा: घर सोडून गेले. पाकीट फोडलेलं नव्हतं. ते त्याच मित्राचं होतं. ताईंना ते फेकवलं नव्हतं आणि नवऱ्याला दाखवायचीही इच्छा झाली नव्हती.

तेव्हा मला जो प्रश्न सुचला, तो त्यानंतर मी कितीतरी जणांना विचारला आहे. "कार्ड असं परत आलं, तर तुम्ही नवा पत्ता शोधाल?"

ताई लगेच म्हणाल्या, "नाही." साहेब जवळजवळ त्याच क्षणी म्हणाले, "हो."

कोणाला पाठवायचं याला माझ्याकडे याहून चांगली चाळणी नाही. मागच्या वर्षी त्यांचं आलं का, मान कोणाचा मोठा, आधी कोणी पाठवायचं, हे सगळं बाजूला ठेवा. पाकीट परत आलंय असं समजा. चार ठिकाणी फोन करून पत्ता मिळवाल? मिळवाल, तर पाठवा, उत्तर येवो न येवो. "बरं झालं, एक कमी झालं" असं वाटलं, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. या चाळणीतून अबोला धरलेला भाऊ कधीकधी सहज पार होतो आणि शेजारचं घर अडकतं. तिला मान आणि शिष्टाचार कळत नाहीत, हेच तिचं बरं आहे.

बाकी प्रश्नांबद्दल थोडक्यात. खूप वर्षांनी अचानक पाठवलं तर विचित्र वाटेल, ही भीती बहुतेक वेळा पाठवणाऱ्याच्याच मनात असते. पेगी ल्यू आणि सहकाऱ्यांच्या 2022च्या संशोधनात हेच दिसलं: आपण साधी आठवण काढली तर समोरच्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज लोक कमीच लावतात, आणि आठवण जितकी अनपेक्षित तितकी ती जास्त भावते. ऑफिसातल्या जुन्या साहेबांना पाठवताना काही मागायचं नसेल तर बेलाशक पाठवा, मागायचं असेल तर वेगळा अर्ज करा. घटस्फोटानंतर सासूबाईंना पाठवायचं तर तुमचं नातं त्यांच्याशी होतं की फक्त त्यांच्या मुलामुळे होतं, ते आधी स्वतःला विचारा. दुःखाच्या घरी झगमगीत छापील कार्ड नको. दोन ओळींचं साधं पत्र मात्र जरूर जाऊ द्या, कारण पहिल्या सणाला अशा घरची टपालपेटी ओकीबोकी असते.

नुसती सही केलेलं छापील कार्ड म्हणजे अपमान, असं काहींना वाटतं. मला नाही वाटत. कार्डाचा जन्मच मुळी कामाच्या रगाड्यातून झाला. 1843 मध्ये लंडनच्या हेन्री कोल यांच्याकडे सणाच्या पत्रांचा ढीग साचला, प्रत्येकाला उत्तर लिहायला सवड नव्हती. त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, हजारेक प्रती छापल्या आणि वर नाव घालायला कोरी जागा ठेवली. तेव्हा तुमच्याकडून एखादं कार्ड नुसत्या सहीनिशी गेलं तर परंपरेला धरूनच आहे.

थांबायचं कसं, हा प्रश्न मात्र नाजूक. जपानमध्ये नववर्षाच्या शुभेच्छापत्रांना नेनगाजो म्हणतात, आणि तिथे अलीकडे पुष्कळ लोक एक शेवटचं पत्र लिहून कळवतात की यापुढे आमच्याकडून येणार नाही, लोभ आहे तसाच राहू द्या. याला त्यांच्याकडे नावही आहे, नेनगाजो-जिमाई. वय झालंय, हात चालत नाही, अशांना मी हा मार्ग सुचवते. पण बालवाडीच्या बाईंना आणि प्रवासातल्या जोडप्याला निरोपाची गरज नाही. तिथे आपण थांबलेलं बहुतेक कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि ते पचवणं हे वेगळंच.

ताईंनी 19 पैकी 11 ठेवली. कोणाचीच नसलेली 12 एका रेघेत गेली. उरलेली 43 त्यांनी डायरीतून कापून, होय, कात्रीने कापून, नवऱ्याच्या हातात दिली. साहेबांनी पहिल्या संध्याकाळी सात लिहिली आणि बोटं दुखतात म्हणून थांबले. पुढच्या रविवारी आणखी पाच. मग सण आला.

मोठ्या वन्संचा फोन आला तो ताईंनाच. "यंदा तुमचं कार्ड नाही आलं गं."

"वन्सं, यंदा ते काम यांच्याकडे आहे. यांना देऊ का फोन?"

हे मला सांगताना त्यांचा आवाज विजयाचा होता. पण त्याच भेटीत, जरा वेळाने, त्यांनी कबूल केलं की त्या फोननंतर दोन रात्री झोप लागली नव्हती. वन्सं काय म्हणत असतील, आत्या काय म्हणत असतील. तीस वर्षांचं ओझं खाली ठेवलं की खांदा मोकळा होण्याआधी दुखतोच. आम्ही आणखी चार भेटी त्यावरच काम केलं. त्याची हकिकत इथे सांगण्यासारखी नाही. बरंचसं बोलणं त्यांच्या आईबद्दल होतं. आईचीही अशीच एक वही होती.

त्या मित्राचा पत्ता साहेबांनी शोधला. तीन फोन लागले. परत आलेलं पाकीट तसंच दुसऱ्या मोठ्या पाकिटात घातलं आणि सोबत स्वतःच्या हाताने पानभर लिहिलं. काय लिहिलं ते ताईंनी विचारलं नाही.

परवा ताईंचा फोन आला होता, सहज. मी विचारलं, मित्राचं उत्तर आलं का?

"नाही हो," त्या हसत म्हणाल्या. "दीड महिना झाला. हे रोज दोनदा खाली जाऊन पेटी उघडून बघतात."