बागेतील प्रश्न : रानसफरचंद आणि ठाण्याची थंडी

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये हिमाचलातील कोटगढ परिसरात सफरचंदाच्या बागेच्या कडेने क्रॅबॲपलची, म्हणजे रानसफरचंदाची, झाडे पांढऱ्या फुलांनी लगडलेली पाहिली आणि तेथील रोपवाटिकेतून एक कलम आणून अंगणात लावले. कलम जिवंत आहे. परंतु उन्हाळ्यात केवळ शेंड्यावर पानांचा झुपका येतो, बाकी फांदी उघडीच राहते आणि फुलांचा पत्ता नाही. खत, पाणी वेळेवर देते. काय चुकते आहे? या फळांची जेली करण्याची माझी फार इच्छा आहे.
— एक वाचिका, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून हा रोग वाटत नाही. शेंड्याचा डोळा (जेथून कोंब फुटतो तो अंकुर) तेवढा फुटतो आणि त्याखालचे डोळे तपकिरी खवल्यांत मिटलेले राहतात, ही थंडी कमी पडल्याची ठळक खूण आहे. सफरचंद आणि त्याचे हे लहान फळांचे भावंड हिवाळ्यात पाने गाळून विश्रांती घेतात, आणि ७ अंश सेल्सिअसच्या खालचे तापमान शेकडो तास, अनेक जातींच्या बाबतीत तर हजार तासांच्या आसपास, अंगावरून गेल्याखेरीज त्यांचे डोळे नीट जागे होत नाहीत. ठाण्यात कडाक्याच्या थंडीतही पारा १५ अंशांच्या खाली क्वचितच उतरतो. तेव्हा आपल्या हातून काही चुकलेले नाही, आणि खताची मात्रा वाढवून ही उणीव भरून निघणार नाही.

आपण पाहिलेली झाडे तेथे शोभेसाठी लावलेली नसावीत. डेलिशियस जातीच्या सफरचंदाला फळ धरण्यासाठी दुसऱ्या जातीचे पराग लागतात आणि क्रॅबॲपल भरपूर व दीर्घकाळ फुलत असल्याने हिमाचलातील बागायतदार ते परागदाता म्हणून मुद्दाम लावतात.

उष्ण प्रदेशात सफरचंद येतच नाही, असे मात्र नाही. इंडोनेशियातील जावा बेटावर बाटू येथे शेतकरी फळे काढल्यानंतर झाडाची सर्व पाने हाताने ओरबाडून काढतात, त्यामुळे झाड गाढ विश्रांतीत जाण्याआधीच नव्याने फुटते आणि फुलते. हा प्रयोग आपण नोव्हेंबरमध्ये, पाणी दोन-तीन आठवडे कमी करून, जरूर करून पाहावा. तरीही बाटू समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर आहे आणि तेथील रात्री गार असतात, हे लक्षात ठेवून अपेक्षा बेताचीच ठेवावी. त्याहून मला चिंता वाटते ती आपल्या पावसाची. चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलताना या झाडाचे खोड जमिनीलगत कुजते. म्हणून बुंध्याभोवती मातीचा उंचवटा करावा आणि आळ्यात पाणी मुळीच साचू देऊ नये.

जेलीची इच्छा मात्र आपल्याच मातीत पुरी होईल, आणि तेथे मी आग्रहाने करवंद सुचवीन. करवंदीची कळी बहुधा फिकट गुलाबी छटेची असते आणि उमलली की पांढरी, जाईची आठवण करून देणारी सुगंधी होते. फळात आंबटपणा आणि पेक्टिन (जेली घट्ट करणारा फळातील नैसर्गिक घटक) दोन्ही भरपूर असल्याने क्रॅबॲपलप्रमाणेच त्याची जेली बाहेरून काही न घालता घट्ट बसते. फळे अर्धवट पिकलेली, लालसर असतानाच घ्यावीत. पूर्ण काळी झालेली गोड लागतात, पण त्यांचे पेक्टिन कमी झालेले असते. फळे बुडतील इतक्या पाण्यात ती मऊ शिजवून मलमलच्या फडक्यातून रस आपोआप ठिबकू द्यावा. फडके पिळले की जेली गढूळ होते. मग रसाइतकीच साखर घालून आटवावे.

लागवडीसाठी पूर्ण उन्हाची जागा आणि दीड फुटाचा खड्डा पुरतो, मुरूमही चालतो. रोप येऊरच्या डोंगरातून उपटून आणू नये. ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि तेथील करवंदीच्या जाळ्यांवर पक्ष्यांचा व पाड्यांवरील माणसांचा हक्क आधी आहे. उन्हाळ्यात त्या पाड्यांवरील बायका पानाच्या द्रोणातून करवंदे विकायला आणतात, त्यांतील पिकलेल्या फळांचे ताजे बी लगेच पेरले तर रुजते. वाळवून ठेवलेले बी लवकर निकामी होते. मोठी फळे हवी असल्यास दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही जात पाहावी. फुले फांदीच्या टोकाशी येत असल्याने छाटणी फळे संपल्यावर लगेच करावी, हिवाळ्यात मुळीच नको.

प्रश्न : बाजारातील सफरचंदाच्या बिया फ्रिजमध्ये ठेवून रुजवल्या. गच्चीतील कुंडीत दोन रोपे आली आहेत. फळ धरेल का?
— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : फ्रिजच्या थंडीने बी जागे झाले, पण रोपाला ती थंडी दर हिवाळ्यात लागते. शिवाय बियांपासून मूळ जातीचेच फळ येत नाही. हौस असल्यास ॲना आणि डॉर्सेट गोल्डन या कमी थंडीवर भागणाऱ्या जातींची कलमे जवळजवळ लावावीत, कारण त्या परस्परांना पराग देतात. तरी नेरूळच्या हवेत त्यांनाही थंडी अपुरीच पडेल, याची तयारी ठेवावी.