आधी कान तपासा, मग घराचा निर्णय

*पत्राचा गोषवारा:* "मी ७१ वर्षांची, हे ७६. हे माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाले. डोंबिवलीतल्या याच इमारतीत आमचा सगळा संसार झाला. गेली तीन-चार वर्षं ह्यांचं वागणं बदललंय. टीव्ही इतका मोठा लावतात की खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी सोसायटीकडे लेखी तक्रार केली. त्यांची नात दहावीला आहे. पुनर्विकासाच्या सभेचं सेक्रेटरींनी जिन्यातच सांगितलं होतं, सातला या म्हणून. हे आठला गेले, तोवर सभा उठली होती. तेव्हापासून 'मला मुद्दाम चुकीची वेळ सांगितली' हे डोक्यात बसलंय. कट्ट्यावर जाणं बंद केलं. खाली चौघं बोलताना दिसले की 'माझाच विषय चाललाय' म्हणतात. कमी ऐकू येतं म्हटलं की चिडतात, 'तुम्हीच पुटपुटता' म्हणतात. मध्यंतरी मी बहिणीकडे गेले होते. हे फोन उचलेनात, तेव्हा खालच्या वहिनींनीच अर्धा तास दार वाजवलं. मुलगा वाकडला असतो. तो म्हणतो, बाबांना विस्मरण व्हायला लागलंय, फ्लॅट भाड्याने द्या आणि इकडे या. मी दिवसभर ओरडून बोलते, लोकांना वाटतं आमची भांडणं चालतात. माझं बीपी वाढलंय, गुरुवारचं भजनही सोडलं. घर सोडावं का? आणि वहिनींना तोंड कसं दाखवू?"

ताई, सप्रेम नमस्कार.

घर सोडावं की नाही याचं उत्तर मी आज देणार नाही, आणि तुम्हीही ते आत्ता ठरवू नका. तुमच्या पत्रात टीव्ही, सभा, संशय, फोन, विस्मरण असे पाच प्रश्न आहेत, पण मला त्यांच्या मुळाशी एकच दिसतो. तुमच्या यजमानांच्या कानांची रीतसर तपासणी अजून झालेली नाही. ती होईपर्यंत त्यांच्या स्वभावाबद्दल, स्मरणशक्तीबद्दल किंवा राहत्या घराबद्दल कुणीही, अगदी मुलानेही, निकाल देऊ नये.

वर्कशॉपमध्ये त्यांनी आयुष्य काढलं. पत्र्यावरचे घण, रिव्हेटिंग, हवेच्या दाबावर चालणारी हत्यारं, आणि त्या काळी कानाला संरक्षण म्हणजे फार तर कापसाचा बोळा. अशा गोंगाटाने आतल्या कानातल्या नाजूक पेशी मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. त्यात वयाची भर पडते. दोन्हींचा पहिला घाला उंच पट्टीच्या आवाजांवर पडतो. स, श, फ, थ, क ही व्यंजनं त्याच पट्टीत असतात. स्वर जाड असतात, ते ऐकू येत राहतात. म्हणून त्यांना तुमचा आवाज येतो, शब्द लागत नाही. पाणी पडलेल्या पोस्टकार्डावर काना-मात्रा दिसाव्यात आणि अक्षरं पुसलेली असावीत, तसं. 'तुम्ही पुटपुटता' असं ते म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. त्यांच्यापर्यंत खरोखर पुटपुटणंच पोचतं.

आता ती सभेची गोष्ट घ्या. 'सात'मधला स गेला की उरतं 'आत', आणि ते 'आठ'च्या किती जवळ आहे ते तुम्हीच म्हणून बघा. सेक्रेटरींनी बहुधा बरोबर वेळ सांगितली आणि यजमानांनी इमानदारीने चुकीची ऐकली. दोघंही खरे. पण ज्याला आपण चुकीचं ऐकतोय हेच माहीत नाही, त्याच्यापुढे एकच अर्थ उरतो: मला फसवलं. जिन्यात चौघं हसताना दिसतात, शब्द कळत नाही, मग मन ती रिकामी जागा आपल्याबद्दलच्या निंदेने भरून काढतं. ऐकू कमी येणाऱ्या पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या बाबतीत हे घडतं. घरचे त्याला 'म्हातारपणी स्वभाव बिघडला' म्हणतात, आणि माणूस आणखी एकटा पडतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं असतं.

मुलाच्या काळजीला मी कमी लेखत नाही. पण तो वडिलांशी बहुतेक फोनवरच बोलत असणार. साध्या फोनमधून उंच पट्टीचे आवाज आधीच गाळले जातात, त्यात समोर चेहरा नाही, ओठ दिसत नाहीत. विचारलं एक आणि उत्तर आलं भलतंच, की त्याला वाटतं बाबा विसरले. त्याला आजपासून व्हिडिओ कॉल करायला सांगा. स्मरणशक्तीच्या चाचणीतही डॉक्टर तोंडीच प्रश्न विचारतात. शब्द ऐकूच आले नाहीत तर ते लक्षात कुठून राहणार? म्हणून आधी कान, मग स्मृती. एक मात्र सांगते: ओळखीच्या रस्त्यावर ते चुकत असतील, पैशांचा हिशोब जमेनासा झाला असेल, गॅस चालू ठेवून विसरत असतील, तर वाट न पाहता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. आणि कानांकडे दुर्लक्ष करण्यात दुसरा धोका आहेच. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी जी टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली, त्यांत बहिरेपणा आहे. कमी ऐकू येणाऱ्या प्रत्येकाला स्मृतिभ्रंश होतो असा याचा अर्थ नाही. पण उपचार पुढे ढकलत राहू नयेत एवढं त्यातून नक्की कळतं.

कुठे जायचं? ते रेल्वेचे पेन्शनर आहेत, निवृत्तांच्या आरोग्य योजनेचं कार्ड असेल. कल्याणच्या रेल्वे हॉस्पिटलमध्ये कान-नाक-घसा तज्ज्ञांचा वार विचारून घ्या. श्रवणयंत्राच्या खर्चाची काय सोय होते तेही तिथेच, यंत्र विकत घेण्याआधी विचारा. डॉक्टर आधी कानात मळ साठलाय का, पडद्याला काही झालंय का ते बघतील. नुसता मळ निघाला आणि निम्मा त्रास गेला असंही होतं. मग ऑडिओमेट्री, म्हणजे बंद खोलीत हेडफोन लावून कोणत्या पट्टीचा आवाज किती मोठा असला तर ऐकू येतो ते पाहायचं. दुखत नाही, टोचत नाही, थोड्या वेळात होतं. रेल्वेची सोय नसलेल्या वाचकांसाठी वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून केंद्र सरकारची अली यावर जंग वाक् व श्रवण संस्था आहे. बेताच्या उत्पन्नाच्या ज्येष्ठांना केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकतं. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत वार्षिक दोन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ६५ वर्षांवरच्यांना चष्मा, श्रवणयंत्र वगैरेंसाठी एकदाच ३,००० रुपये देण्याची तरतूद आहे.

तपासणीशिवाय ऑनलाइन मिळणारं स्वस्त 'कानाचं मशीन' आणू नका. ते सगळेच आवाज सरसकट मोठे करतं, त्यात कुकरची शिट्टीही मोठी होते आणि 'स' तसाच हरवलेला राहतो. कानात गरम तेल, लसूण, काडी काहीही नको. आणि एका कानाचं ऐकू येणं अचानक, एक-दोन दिवसांत गेलं तर तो तातडीचा प्रसंग समजा. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, उशीर झाला तर उपचाराचा उपयोग कमी होतो.

आता त्यांना न्यायचं कसं. 'तुम्हाला ऐकू येत नाही' या वाक्याने सुरुवात करू नका, ते वाक्य तुमच्या घरात भांडणाचंच झालंय. भांडणाच्या, टीव्हीच्या वेळी तर अजिबात नको. सकाळी चहाला, समोर बसून, तुमच्या बाजूने बोला: "मला दिवसभर मोठ्याने बोलून थकायला होतं, माझं बीपी वाढलंय. माझ्यासाठी एकदा चला." वर्कशॉपमधले त्यांचे जुने सोबती आठवून बघा. सगळ्यांनी तोच गोंगाट सोसलाय, एखाद्याच्या कानाला यंत्र असणारच. त्याला घरी जेवायला बोलावा. बायकोच्या दहा वेळा सांगण्याने जे होत नाही ते बरोबरीच्या माणसाने आपलं यंत्र काढून हातात ठेवलं की होतं. त्यांचा मान राखून हे झालं पाहिजे, त्यात घाई नको.

यंत्र लागलं तर पहिले काही आठवडे कठीण जातात, हे आधीच दोघांनी मनाशी धरा. भांड्यांचा, पंख्याचा, स्वतःच्या चावण्याचा आवाजसुद्धा अंगावर येतो. बरेच जण तिथेच कंटाळतात आणि यंत्र कपाटात जातं. सुरुवातीला घरात, शांत वेळी, थोडेच तास लावायचं आणि मग वाढवायचं. ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञांकडे, पुन्हा पुन्हा जाऊन ते जुळवून घ्यावं लागतं. तो यंत्राचा दोष नाही, कामाची रीतच तशी आहे. आंघोळीला काढायचं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात रात्री ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं.

आणि ओरडणं आजपासून बंद करा, ताई. त्यांच्यासाठी आणि तुमच्या बीपीसाठीही. अशा कानांना हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज टोचतो, ओरडल्याने शब्द आणखी फाटतो. वर ओरडताना आपला चेहरा रागीट दिसतो, आणि ते चेहराच वाचत असतात. स्वयंपाकघरातून हाक मारून बोलू नका. समोर या, आधी त्यांचं लक्ष वेधा, तुमच्या तोंडावर उजेड असू द्या, मिक्सर बंद करा, मग नेहमीच्या आवाजात थोडं सावकाश बोला. नाही कळलं तर तेच वाक्य तीनदा म्हणण्याऐवजी शब्द बदला. 'सातला' कळत नसेल तर 'संध्याकाळी, बातम्यांच्या आधी' म्हणा, किंवा पाटीवर लिहून ठेवा. एक गोष्ट मात्र कधीही करू नका. त्यांनी "काय?" विचारल्यावर "काही नाही, जाऊ दे" म्हणणं. आपण दमून म्हणतो, पण समोरच्याला घरातूनच बाहेर काढल्यासारखं होतं. मी हे कळकळीने सांगतेय, कारण चांगल्या, प्रेमळ घरांत हे रोज होताना बघते.

वहिनींबद्दल. टीव्हीचा प्रश्न श्रवणयंत्राची वाट न पाहता याच आठवड्यात सुटतो. टीव्हीला जोडायचा हेडफोन आणा, जिथे मिळतात तिथे सबटायटल्स लावा. मग खाली जा. जाण्याआधी यजमानांना सांगून जा, त्यांच्या पाठीमागे त्यांच्या कानांची चर्चा झाली तर त्यांचा संशय खरा ठरेल. वहिनींना सरळ सांगा: ह्यांना कमी ऐकू येतं, आम्ही दाखवतोय, तोवर हेडफोन आणलाय, नातीच्या अभ्यासाला त्रास झाला त्याचं वाईट वाटतं. बस एवढंच. लेखी तक्रारीचा विषय तुम्ही काढू नका. तक्रार केली तीच बाई तुम्ही नसताना अर्धा तास दार वाजवत उभी राहिली, हे तुम्हीच लिहिलंय आणि त्यावरून पटकन पुढे गेलात. मला तुमच्या सबंध पत्रात ती ओळ सगळ्यांत महत्त्वाची वाटली. तोंड लपवण्यासारखं तुमच्याकडून काही झालेलं नाही, आणि शेजारही तुटलेला नाही. घराची एक किल्ली त्यांच्याकडे ठेवा. दारावरच्या बेलला दिवा लागणारी सोय इलेक्ट्रिशियन करून देतो, तीही करून घ्या. सेक्रेटरींना विनंती करा की पुनर्विकासाचं जे काही असेल ते यजमानांना लेखी द्यावं, सभेची वेळ, विषय आणि नंतर इतिवृत्तही. सभेत त्यांना बोलणाऱ्याच्या समोरची खुर्ची मिळावी. सहीचा विषय कानावर सोडण्यासारखा नाही.

वाकडचं म्हणाल तर मुलाकडे पंधरा दिवस जरूर जाऊन या, नातवंडांत राहा. पण कायमचं जाण्याचा निर्णय यंत्र बसून सहा महिने होईपर्यंत नको. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला ओळखीचे चेहरे, ओळखीचे आवाज आणि ठरलेले विषय यांचा मोठा आधार असतो, अर्धा शब्द ऐकूनही अंदाज बांधता येतो. वाकडच्या पंचविसाव्या मजल्यावर तो आधार नव्याने उभा करावा लागेल, आणि तुम्हालाही. सहा महिन्यांनी तुम्हा दोघांनाच जावंसं वाटलं तर आनंदाने जा. मुलाला हे पत्र वाचायला द्या, आणि तपासणीच्या दिवशी त्याने रजा घेऊन सोबत यावं असं माझ्या वतीने सांगा. डॉक्टरांचं बोलणं यजमानांपर्यंत पोचवण्याचं काम त्या दिवशी तरी तुमच्याकडे नको.

तुमचं बीपी त्याच खेपेत तपासून घ्या, गोळीचा डोस डॉक्टरांना विचारा. आणि येत्या गुरुवारी भजनाला जा. किल्ली वहिनींकडे असेल, यजमानांना वेळ पाटीवर लिहून द्या, दोन तास ते एकटे छान राहतील. ऑडिओमेट्रीचा कागद हातात आला की दोन्ही कानांचं काय निघालं ते मला लिहून कळवा, पुढचं तेव्हा बोलू.